मांदाडच्या खाडीत डोंगर उतरवताना

दोन डोंगर, मधोमध उगवता सूर्य, तिथून निघालेली नदी आणि काठावर झोपडी. शाळेत चित्रकलेच्या तासाला हे चित्र काढलं नाही असा माणूस महाराष्ट्रात मिळणं कठीण. त्या नदीत कशाचंच प्रतिबिंब नसे. निळा खडू आडवा फिरवला की पाणी झालं. पुढे चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या तयारीला बसल्यावर कुणीतरी सांगतं की पाण्यात डोंगर दिसायला हवा, आणि मग वरचाच डोंगर तसाच्या तसा उलटा करून खाली काढला जातो. बहुतेकांचं पाणी इथेच बिघडतं, आणि ते रंगात नव्हे तर पेन्सिलीत बिघडतं.

खाली दिलेली कृती जलरंगाची आहे. कागद पाव इम्पीरियल, म्हणजे साधारण ११ बाय १५ इंच. जागा रायगड जिल्ह्यातली, तळा तालुक्यातली मांदाडची खाडी. राजपुरीच्या खाडीचं हे आतलं टोक. तिच्या मुखाशी जंजिरा आहे. इथे आत मात्र तिवरांची दाट किनार, मागे जंगलाचे डोंगर आणि एका डोंगरात कुड्याची बौद्ध लेणी. समुद्राची लाट इथवर पोचत नाही, भरती-ओहोटी मात्र पोचते. म्हणून चित्राची तयारी रंगपेटीपासून नव्हे, पंचांगापासून करायची.

तिथी आणि वारा

प्रतिबिंबासाठी पाणी भरलेलं हवं आणि थांबलेलंही हवं. किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं. नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात. हिशेब ढोबळ आहे, शिवाय खाडीच्या आतल्या टोकाला पाणी मुखापेक्षा थोडं उशिरा चढतं. पण चित्रकाराला एवढा पुरतो. शुद्ध असो वा वद्य, नवमी-दशमीच्या सकाळी पाणी उन्हाच्या पहिल्या तासात भरतं. दुसरी सोय अशी की हे दिवस भांगाचे, उधाणाचे नव्हेत. पाणी थोडंच चढतं, थोडंच उतरतं, त्यामुळे ओढ कमी. भरती पूर्ण झाल्यावर ते घटकाभर तरी थबकतं. पौर्णिमा-अमावास्येला खाडी तुडुंब दिसते खरी, पण भरती ऐन दुपारी येते आणि तोवर वारा सुटलेला असतो.

वाऱ्याचा हिशेब त्याहून सोपा. रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सकाळी मंदावतो आणि ऊन तापलं की समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. मधल्या वेळात पाणी काचेसारखं असतं. साडेसहाला कागद पट्टीने चिकटवून तयार असावा, नऊपर्यंत मुख्य काम आटोपावं. नंतर पाणी थरथरू लागतं आणि मग डोळ्यांसमोर एक चित्र, कागदावर दुसरं, अशी ओढाताण होते.

महिना नोव्हेंबर किंवा डिसेंबर. आषाढ-श्रावणातला हिरवा रंग पाहायला सुंदर, पण रंगवायला अवघड असतो: गवत, झाडं, शेत, डोंगर सगळं एकाच गडदपणाचं दिसतं आणि चित्र सपाट होतं. नोव्हेंबरात डोंगरावरचं गवत पिकून पिवळं पडतं, ऐन-किंजळाची झाडी त्यावर गडद उठून दिसते आणि सकाळी लांबच्या रांगेवर धुक्याचा पातळ पडदा असतो. तिन्ही गोष्टी फुकट मिळतात.

सूर्य पाठीमागे किंवा बाजूला येईल असा काठ निवडा. सूर्य समोर आला तर पाण्यावर चकाकी येते आणि प्रतिबिंब त्यात विरघळतं. तेही चित्र होऊ शकतं, पण ते दुसरं चित्र.

साहित्य

कागद ३०० जीएसएमचा, शक्यतो कापसाचा. प्रतिबिंबाच्या कामात ओल बराच वेळ टिकावी लागते आणि लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद ती टिकवत नाही. किनाऱ्यावर कागदाची एक वेगळी अडचण असते. पावसाळाभर उघड्यावर राहिलेल्या कागदावरची सरस मरते. मग रंग लावताच जागोजागी शोषला जातो आणि डाग उमटतात. असा कागद ओळखायला सोपं: कोपऱ्यावर ओला कुंचला टेकवा. थेंब वर तरंगून राहिला तर कागद शाबूत; लगेच आत शिरला तर त्याचा उपयोग फक्त सरावापुरता. कागद घट्ट बंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावा.

रंग सात पुरेत: कोबाल्ट ब्लू, अल्ट्रामरीन, यलो ऑकर, गॅम्बोज, बर्न्ट सिएना, लाइट रेड, सॅप ग्रीन. सॅप ग्रीन नळीतून निघतो तसा कधीच लावू नये. त्यात सिएना मिसळल्याशिवाय तो कोकणातला वाटत नाही, प्लास्टिकच्या बादलीचा वाटतो. काळा रंग घरी ठेवा. कुंचले तीन: दीड इंची चपटा, १२ नंबरचा गोल, आणि बारीक रेघांचा रिगर. शिवाय पाण्याची दोन भांडी, जुनं सुती फडकं, फवाऱ्याची बाटली आणि मेणबत्तीचा एक तुकडा. पिण्याचं पाणी घरून न्या. खाडीचं खारं पाणी रंगात घेऊ नका. सुकल्यावर त्यातलं मीठ कागदावर चांदण्या काढतं.

पेन्सिल: इथे घाई नको

आधी पाण्याची रेघ, म्हणजे समोरच्या काठाशी पाणी जिथे भिडतं ती. ती कागदाच्या मध्यावर नसावी. या दृश्यात ती वरून साधारण दोन-पंचमांशावर घ्या, म्हणजे पाण्याला जागा जास्त मिळते. ही रेघ पट्टीने आखली तरी चालेल. काठ वळलेला दिसला तरी शांत पाण्याची कड तिरकी होत नाही. एका बाजूला थोडी जरी कलली तरी खाडी सांडते आहे असं वाटतं.

आता प्रतिबिंब. समजा, तुम्ही पाण्यालगत उभे आहात आणि तुमचे डोळे पाण्यापासून दीड मीटर उंच आहेत. समोर २०० मीटरवर काठाची झाडं, आठ मीटर उंच. मागे दोन किलोमीटरवर २५० मीटर उंचीचा डोंगर. सरळ पाहताना झाडांच्या शेंड्यांवर डोंगराचा जेवढा भाग दिसतो, त्याच्या साधारण ८५ टक्केच पाण्यात दिसतो. उरलेला झाडांच्या प्रतिबिंबामागे जातो. कारण पाण्यातलं दृश्य तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. तुमचे डोळे पाण्याखाली तेवढ्याच खोल असते तर त्यांना जे दिसलं असतं, ते ते दृश्य असतं. खालून पाहणाऱ्याला जवळची झाडं जास्त उंच वाटतात आणि मागचा डोंगर जास्त झाकला जातो.

उंचीवर गेलं की हा फरक वाढत जातो. तेच झाड, तोच डोंगर, पण पाहणारा पाण्यापासून २० मीटर उंच असला तर डोंगराचं प्रतिबिंब पूर्णच नाहीसं होतं. खाली झाडांचं प्रतिबिंब, त्यापुढे थेट आकाश. कुड्याच्या लेण्यांत उभं राहून खाडी पाहणारे बरेच जण फोटो काढतात, आणि घरी येऊन त्यावरून रंगवताना पाण्यातला डोंगर आपल्या मनाने घालतात. चित्र देखणं होतं, पण कुठेतरी खटकतं आणि काय खटकतं ते कळत नाही. लेण्यांच्या ओसरीतून रंगवायचंच असेल तर पाण्यात आकाश आणि तिवरांची गडद कड, एवढंच काढा. आपल्याला डोंगर पाण्यात उतरवायचा आहे, म्हणून खाली, जमेल तितकं पाण्याजवळ बसायचं. खारबांध किंवा धक्क्याची पायरी चांगली. चिखलात स्टूल रोवू नका, ते हळूहळू खाली जातं आणि त्याबरोबर तुमची क्षितिजरेषाही.

मापाची युक्ती एकच. प्रत्येक वस्तूच्या शेंड्यापासून सरळ खाली रेघ सोडा. प्रतिबिंब त्याच रेघेवर पडतं, बाजूला सरकत नाही. काठावरच्या झाडाची उंची पाण्याच्या रेघेपासून मोजून तेवढीच खाली घ्या. डोंगराची मात्र काठापासून मोजू नका. त्याचा पायथा काठाच्या मागे, लपलेला आहे, आणि डोळ्यांच्या पातळीपासून मोजलं की डोंगर बरोबर बसतो. पाण्यात उजवीकडे कललेला बांबू असेल तर प्रतिबिंबातही तो उजवीकडेच कलतो. ही चूक छापून आलेल्या चित्रांतही सापडते.

झाडांच्या फांद्या, पानं, लेण्यांची दारं यांतलं काहीही आत्ता काढू नका. रांगेची बाहेरची कड, झाडीची वरची कड, पाण्याची रेघ, आणि खाली त्यांच्या प्रतिबिंबांच्या सीमा अगदी पुसट. एवढ्यावर पेन्सिल थांबवावी.

पहिला थर: आकाश आणि पाणी एकदम

फळी जेमतेम १५ अंशांनी कललेली ठेवा. चपट्या कुंचल्याने पूर्ण कागद स्वच्छ पाण्याने ओला करा. काठावर पांढरा बगळा हवा असेल तर तेवढी जागा कोरडी सोडा.

वर कोबाल्टचा हलका हात, खाली क्षितिजाकडे येताना ऑकरचा किंचित उबदारपणा. तोच कुंचला न धुता पाण्यात उतरवा, पण क्रम उलटा: काठाजवळच्या पाण्यात क्षितिजाजवळचं फिकट आकाश, आणि तुमच्या पायांजवळच्या पाण्यात डोक्यावरचं निळं. त्या निळ्यात ऑकर आणि चिमूटभर सिएना घाला. लांबचं पाणी तिरक्या नजरेने पाहतो तेव्हा त्यावरून बराच प्रकाश परततो. पायाखालचं पाणी सरळ वरून पाहिलं तर शंभरातले दोनच भाग परततात आणि बाकी खाडीचा गाळ दिसतो. म्हणून पुढचं पाणी थोडं मातकट आणि गडद. हा एवढा बदल केला की पाणी आडवं होतं, नाहीतर ते भिंतीसारखं उभं राहतं.

थर सुकू द्या. नोव्हेंबरच्या सकाळी खाडीकाठी हवेत दमटपणा असतो, वीस मिनिटं सहज जातात. फुंकर मारू नका, हाताने वारा घालू नका. चहा घ्या. हाताची पाठ कागदाजवळ नेली आणि गारवा लागला नाही तर कागद सुकला.

लांबची रांग

कोबाल्टमध्ये लाइट रेड, एवढंच. मिळणारा करडा-जांभळा रंग भरपूर पाण्यात पातळ करा. रांगेची वरची कड एका दमात, खाली येताना धुक्यासाठी फक्त पाणी लावत काठापर्यंत विरवा. कागदावर रांग अजून ओली असतानाच तिचं प्रतिबिंब घाला. बहुतेक लोक इथे थांबतात, वरचं पूर्ण करून मग खाली येतात, आणि तोवर पॅलेटमधला रंग बदललेला असतो. वरचा आणि खालचा डोंगर एकाच मिश्रणातून, एकाच बैठकीत यायला हवेत. खालच्या मिश्रणात ऑकरचा एक ठिपका वाढवा, बस.

पिवळ्या गवताचे उतार असतील तर ते याच वेळी, ऑकर आणि थोडा लाइट रेड घेऊन, ओल्या रांगेत सोडून द्या. कडा आपोआप मऊ होतात.

झाडी

इथे हात भरभरून चालवायचा. गॅम्बोज आणि अल्ट्रामरीनचा हिरवा, त्यात बर्न्ट सिएना. तीन गडदपणांचे डबके पॅलेटवर आधीच करून ठेवा, कारण मध्ये मिसळायला थांबलात की कडा सुकतात. मागची झाडी थोडी निळसर, पुढची सिएनाकडे झुकलेली. कुंचला आडवा टेकवून शेंड्यांच्या कडा खडबडीत सोडा, मधला भाग सलग भरा. एकेका झाडाचा विचार करू नका, तर उजेडाच्या बाजूचा पुंजका आणि सावलीच्या बाजूचा पुंजका असा विचार करा. ऊन ज्या बाजूने येतं तिथे पिवळसर हिरवा, उलट बाजूला गडद. दोघं ओले असतानाच भिडवा.

तिवरांची कड वेगळी. ती आखूड, सपाट माथ्याची, जवळपास सारख्या उंचीची आणि डोंगरावरच्या झाडीपेक्षा राखट. सॅप ग्रीनमध्ये सिएना आणि कोबाल्ट. भांगाच्या भरतीला पाणी तिवरांच्या बुंध्याच्या वरपर्यंत जात नाही, त्यामुळे झाडी आणि पाणी यांच्यामध्ये चिखलाची एक बारीक पट्टी उघडी राहते. ती सोडून देण्याचा मोह होतो. सोडू नका, सिएना आणि अल्ट्रामरीनची ही अरुंद, कुठे तुटणारी, कुठे जाडसर होणारी पट्टीच काठ जमिनीला टेकवते. ओल्या चिखलावर आकाश चमकतं, तिथे कागद कोराच ठेवा.

प्रतिबिंब

वरची झाडी अर्धवट ओली असताना खाली उतरा. फवाऱ्याने पाण्याचा भाग हलका ओलसर करा; पाणी ओघळता कामा नये. झाडीचेच डबके, पण प्रत्येकात थोडा बदल. वरचं गडद ते खाली जरा फिकट, वरचं फिकट ते खाली जरा गडद. बगळा पांढराशुभ्र असला तरी त्याचं प्रतिबिंब कोऱ्या कागदाचं नसतं, त्यावर पातळ करडा हात फिरवा.

गडद जागांत मातीचा रंग जास्त मिसळा. गढूळ पाण्याचा स्वतःचा रंग प्रतिबिंबात उतरतो आणि तो उजेडापेक्षा काळोखात अधिक दिसतो. तळ्याच्या किल्ल्यावर, तळगडावर, कातळातल्या टाक्यांत पाणी निवळ असतं. तिथे सावली खरोखर काळी दिसते. खाडीत ती तपकिरी होते. हा फरक न ओळखता डोंगरी टाक्याचं पाणी खाडीत घातलं तर खाडी उगाच खोल आणि थंड दिसते.

कुंचल्याचे फटकारे वरून खाली, सरळ. आडवे नव्हेत. पाणी हललं की प्रतिबिंब उभ्या दिशेने लांबतं. म्हणून उभ्या कडा टिकतात आणि आडव्या कडा पसरतात. झाडाचा बुंधा पाण्यात ओळखू येतो, डोंगराची धार येत नाही. धारेची खालची कड मुद्दाम विस्कटू द्या. काठाजवळ प्रतिबिंब जास्त स्पष्ट, तुमच्याकडे येता येता तुटक.

यानंतर चपटा कुंचला धुऊन फडक्यावर निपटून घ्या. किंचित ओला असताना तो प्रतिबिंबावरून आडवा, दोनदा किंवा तीनदा, एकाच दिशेने ओढा. रंग उचलला जातो आणि फिकट पट्ट्या पडतात. वाऱ्याची झुळूक पाण्याचा एक पट्टा खरबरीत करते, त्या पट्ट्यात डोंगर दिसत नाही, वरचं आकाश दिसतं. म्हणून गडद प्रतिबिंबातून तो उजळ जातो. असा एक पट्टा चित्राला पुरतो. तीन झाले की चादरीवरच्या रेघा.

सोलापुराच्या धोतरासारखी नेमकी किनार इथे नको. प्रतिबिंब आणि काठ यांच्यामध्ये अखंड काळी रेघ मारायची सवय शाळेतून आलेली असते. ती तुटक ठेवा, दोन-तीन ठिकाणी झाडी आणि तिचं प्रतिबिंब सरळ एकमेकांत जाऊ द्या.

शेवटचे हात

सगळं सुकल्यावरच. पुढच्या पाण्यात चकाकी हवी असेल तर मेणबत्तीचा तुकडा पहिल्या थराआधी घासलेला असायला हवा. आता तो उपाय नाही. आता करायचं ते रिगरने: दोन-चार बुंधे, एखादी तिवराची वाकडी फांदी, पाण्यात रोवलेला खुंट आणि त्याचं नागमोडी तुटलेलं प्रतिबिंब. होडी घालायची असेल तर ती काठाजवळ, लहान. होडीचं प्रतिबिंब म्हणजे होडीचा खालचा भाग अधिक दिसणार, तिच्या आतली फळी दिसणार नाही. हे सगळे तपशील एका मुठीत मावतील इतके असावेत.

दुरुस्तीबद्दल थोडं. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं प्रसिद्ध चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि ते जलरंगातलं आहे. बोटांमधून झिरपणारा तो उजेड म्हणजे न झाकलेला कागद. पारदर्शक जलरंगात उजेड नंतर वरून चढवता येत नाही, तो आधीच राखावा लागतो. पाण्याचंही तेच. पांढऱ्या पोस्टर कलरने लाटा काढल्या की दुपारपर्यंत त्या खडूच्या दिसू लागतात. प्रतिबिंब जास्त गडद झालं असेल तर पूर्ण सुकल्यावर स्वच्छ ओल्या कुंचल्याने हलकं घासून फडक्याने टिपा; एकदा, फार तर दोनदा. त्यानंतर कागदाचे तंतू उठतात आणि मागे फिरणं संपतं.

पाण्याकाठची निवांत चित्रं पाहून शिकायचं असेल तर कोल्हापूरला जा. १९३१ साली वारलेले आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ आणि रंकाळ्याच्या परिसरात वर्षानुवर्षं रंगवलं. त्यांच्या पाण्यात कामाची गोष्ट अशी की ते पाणी सांगत बसत नाही; चार फटक्यांत सोडून देतं.

पट्टी काढताना ती कागदापासून बाहेरच्या दिशेने, तिरकी ओढा आणि चित्र पूर्ण सुकल्याशिवाय हात लावू नका. दमट हवेत वरून कोरडं वाटलं तरी आत ओल असते आणि कागदाची कातडी पट्टीबरोबर निघते. घरी नेताना दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवा, प्लास्टिक बाहेरून गुंडाळा, आतून नव्हे.

हीच कृती आषाढात तळगडाच्या पायथ्याच्या भातखाचरांवर करून पाहता येते. लावणीआधी चिखल केलेल्या खाचरात गडाचा तुकडा दिसतो, पण तिथे पाणी जेमतेम वीतभर खोल आणि गाळाचं असतं. त्यामुळे प्रतिबिंबाचे सगळे रंग सिएनाकडे सरकवा, आणि प्रत्येक बांधाशी प्रतिबिंब कापून पुढच्या खाचरात नव्याने सुरू करा, कारण दर खाचराच्या पाण्याची पातळी वेगळी असते. पाऊस उघडण्याची वाट पाहू नका. छत्री फळीवर बांधा, कागद निम्मा छोटा घ्या आणि पहिला थर घरूनच सुकवून न्या.